एका पानाचं नित्यकर्म

'सुधर्मा' हे देवांच्या सभेचं नाव. इंद्रानं ती सभा कृष्णाकडे द्वारकेला पाठवली आणि तिच्यात बसलेल्या मर्त्य माणसाला मर्त्यपणाचे भोग शिवत नसत, असं भागवत सांगतं. म्हैसूरमध्ये पंडित के. एन. वरदराज अय्यंगार यांनी जुलै 1970 मध्ये संस्कृत दैनिक सुरू केलं, त्याचं नाव हेच. नावात 'चांगला धर्म' हा सरळ अर्थही ऐकू येतोच, पण देवसभेचा अर्थ मनात ठेवून पाहिलं तर मोठी गंमत दिसते. वर्तमानपत्राइतकी मर्त्य वस्तू दुसरी नाही. सकाळी ते ताजं, दुपारी शिळं, संध्याकाळी त्यावर भेळ, आणि महिनाअखेर रद्दीवाल्याच्या काट्यावर. जी भाषा हजारो वर्षं स्वतःला देवांची म्हणवत आली, तिनं या अल्पायुषी कागदावर येऊन बसावं, तेही रोज, हा प्रकारच विचार करायला लावणारा आहे. कागद तरी केवढा? एकच, साधारण ए-थ्री आकाराचा, पाठपोट छापलेला, पाच स्तंभांचा. देशाच्या आणि राज्याच्या बातम्या, वेद, योग, राजकारण, संस्कृती यांवरचा मजकूर, बस्स. घडी घालून, पत्ता चिकटवून तो टपालात पडतो. त्याचे बहुतेक वाचक म्हैसूरच्या गल्ल्यांत नाहीत, ते देशभर विखुरलेले आहेत. खप तीन-चार हजारांच्या घरात सांगितला जातो. एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकालाही हा आकडा फार अभिमानाचा वाटणार नाही. इतक्या थोड्यांसाठी, इतक्या उशिरा पोचणारं दैनिक अर्धशतकाहून अधिक काळ रोज का काढावं? हिशेबाच्या वहीत याला उत्तर नाही. प्रश्न मुळात धर्मविचारातला आहे: ज्या कर्माचं फळ नजरेच्या टप्प्यात नाही, ते माणसानं का करावं?

म्हैसूरनं हा प्रश्न अंगावर घेतला यात नवल नाही. याच शहरात 1876 पासून महाराजांची संस्कृत पाठशाळा आहे. इथल्याच प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्रींना 1905 साली कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं हस्तलिखित हाती लागलं आणि 1909 मध्ये ते छापून जगापुढे आलं. तो ग्रंथ शतकानुशतकं नावापुरता उरला होता; ताडपत्रावर कुणीतरी इमानानं नक्कल करून ठेवली म्हणून वाचला. आणि याच शहरात मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली राहत्या घरी खासगी नभोवाणी केंद्र चालवलं, त्याचं नाव 'आकाशवाणी'. पुराणात कंसाला दटावणारी ती आकाशवाणी एका प्राध्यापकाच्या घरातून बोलू लागली आणि पुढे सगळ्या देशाच्या रेडिओनं ते नाव घेतलं. मराठीत आपण 'नभोवाणी' म्हणत होतो. तो शब्द आज जुन्या पुस्तकांत सापडतो, म्हैसूरचा शब्द मात्र घराघरात गेला. म्हणजे जुनं शब्दधन नव्या यंत्राला जोडण्याची या गावाला सवय होती. तरीही वरदराज अय्यंगारांनी दैनिकाची कल्पना मांडली तेव्हा ओळखीच्या मंडळींनी मान हलवली: आजच्या घडामोडींना संस्कृतात शब्द आहेत कुठे? पाठीशी उभे राहणाऱ्या थोड्या लोकांत 'साध्वी' या कन्नड दैनिकाचे संपादक अगरम रंगय्या होते. वृत्तपत्राच्या धंद्यातला माणूस पाठीशी आणि शंका काढणारे विद्वान, हे चित्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

शंका काढणाऱ्यांना वेडं ठरवण्याचं कारण नाही, त्यांच्या बाजूनं इतिहास होता. 1907 साली तिरुअनंतपुरमहून 'जयन्ती' नावाचं संस्कृत दैनिक निघालं आणि ग्राहक आणि पैसा दोन्ही अपुरे पडून लवकरच बंद झालं. आपल्याकडे कोल्हापूरच्या अप्पाशास्त्री राशिवडेकरांनी आधी 'संस्कृतचंद्रिका' मासिक सांभाळलं आणि 1906 मध्ये 'सूनृतवादिनी' हे साप्ताहिक काढलं. सूनृत म्हणजे खरं आणि गोडही. हे नाव घेऊन पत्रकारिता करायची म्हणजे पायात धोंडा बांधून पोहायचं. तेही काही वर्षांतच थांबलं, आणि 1913 साली, चाळिशीच्या उंबरठ्यावरच, अप्पाशास्त्रीही गेले. पुढे नागपूरला 'भवितव्यम्' आलं, पुण्याला वसंतराव गाडगीळांची 'शारदा' आली. ही सगळी साप्ताहिकं, पाक्षिकं, मासिकं. दैनिकाच्या वाटेला जाणं ही वेगळी गोष्ट. साप्ताहिकाचा संपादक आजारी पडू शकतो, त्याच्या घरी लग्न असू शकतं, एखादा अंक जोडअंक म्हणून खपतो. दैनिकाला ती सोय नाही. आणि इथेच मीमांसकांची एक जुनी वाटणी उपयोगी पडते.

मीमांसाशास्त्र कर्माचे तीन भाग करतं. पाऊस हवा, मुलगा हवा, स्वर्ग हवा म्हणून केलेलं ते काम्य. ग्रहण लागलं, मूल जन्मलं म्हणून केलेलं ते नैमित्तिक. आणि रोजचं संध्यावंदन, अग्निहोत्र हे नित्य. नित्यकर्माचा विशेष असा की केल्यानं पदरात काही पडत नाही, पण चुकवलं तर दोष लागतो. त्या दोषाला शास्त्रात प्रत्यवाय म्हणतात. आता दैनिकाकडे पाहा. ते आज आलं म्हणून कुणी संपादकाच्या घरी पेढे घेऊन जात नाही. पण एक दिवस आलं नाही की 'काय झालं हो?' अशी विचारणा होते. येण्याचं पुण्य नाही, न येण्याचं पाप मात्र आहे. दैनिकाचा 'दैनिक'पणा तो हाच. हेगेलनं सकाळचं वर्तमानपत्र वाचण्याला व्यवहारी माणसाची प्रातःप्रार्थना म्हटलं, ते पुष्कळदा सांगितलं जातं. तो स्वतः बांबेर्ग गावी 1807-08 मध्ये वर्तमानपत्राचा संपादक होता, हे सहसा सांगितलं जात नाही. संपादक राहिलेल्या माणसानं प्रार्थना वाचकाच्या पदरी घातली आणि रोजचं अग्निहोत्र सांभाळणाऱ्याला वगळलं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

पण नित्यकर्म का करायचं, यावर खुद्द मीमांसकांचं एकमत नाही, आणि हा वाद ज्यांनी विसाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांना सर्वांत नेटका समजावून दिला ते एम. हिरियण्णा म्हैसूरच्याच महाराजा कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचा भारतीय तत्त्वज्ञानाच्या रूपरेषेचा ग्रंथ 1932 चा; अजून अभ्यासक्रमांत आहे. कुमारिल भट्टांचा पक्ष असा की हेतूवाचून मंदबुद्धीचा माणूसही हलत नाही. तेव्हा नित्यकर्मालाही हेतू आहे, दोष टाळण्याचा आणि साचलेलं पाप धुण्याचा. प्रभाकराचा पक्ष त्याहून कडक: वेदानं सांगितलं म्हणून करायचं, करणं हेच साध्य, त्यापलीकडे फळ विचारू नका. 'सुधर्मा'कडे पाहणारे बहुतेक जण तिला प्रभाकराच्या बाजूला बसवतात: केवढी ही निष्ठा, फळाची आशा नाही, वगैरे. कौतुक म्हणून ठीक आहे. पण वस्तुस्थिती कुमारिलांच्या बाजूनं बोलते. वरदराज अय्यंगारांना हेतू होता आणि तो त्यांनी लपवला नाही: संस्कृत ही रोजच्या वापराची भाषा होऊ शकते हे दाखवायचं. त्या हेतूपायी ते दिल्लीपर्यंत गेले. तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्याकडे त्यांनी संस्कृत बातमीपत्राचा पाठपुरावा केला, आणि 1974 मध्ये आकाशवाणीवर संस्कृत बातम्या सुरू झाल्या. ही काही निष्काम संन्याशाची चाल नव्हे. माझं म्हणणं इतकंच की हेतू असूनही कर्म नित्य राहू शकतं, जर तो हेतू कर्म रोज करण्यानंच पुरा होत असेल तर. संस्कृत रोज वापरता येते हे सिद्ध करायचं तर ती रोज वापरण्यापलीकडे दुसरा पुरावा नाही. इथे साधन आणि साध्य एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत.

उलट बाजू पाहायची तर खेळाच्या दैनिकांचा इतिहास काढावा. खेळ ही खरं म्हणजे निर्हेतुक कृतीची सर्वांत जुनी उपमा. परमेश्वराला काही कमी नसताना त्यानं सृष्टी का मांडली, या प्रश्नाला ब्रह्मसूत्रांनी उत्तर दिलं 'लीला', आणि रामानुजांनी श्रीभाष्यात दाखला दिला तो चेंडू खेळणाऱ्या सम्राटाचा: सात द्वीपांचा धनी, मिळवायचं काही उरलेलं नाही, तरी चेंडू खेळतो, कशासाठी तर खेळण्यासाठी. हे रामानुज म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मेलुकोट्याला कित्येक वर्षं राहिले. आता त्या चेंडूचं वर्तमानपत्रवाल्यांनी काय केलं ते पाहा. पॅरिसमध्ये 'ल वेलो' हे हिरव्या कागदावरचं क्रीडा दैनिक जोरात होतं. ड्रेफस प्रकरण या त्या काळच्या राजकीय वादात त्याचा संपादक एका बाजूला आणि जाहिराती देणारे कारखानदार दुसऱ्या बाजूला. कारखानदारांनी जाहिराती काढून घेतल्या आणि ऑक्टोबर 1900 मध्ये पिवळ्या कागदावर आपलं स्वतंत्र दैनिक काढलं. कोर्टकचेरीत नावाचा अर्धा भाग गमावून त्याचं नुसतं 'लोतो' उरलं. खप काही हलेना. तेव्हा जेओ लफेव्र नावाच्या तरुण बातमीदारानं सुचवलं की सायकलवरून अख्ख्या फ्रान्सला फेरी घालायची शर्यत लावू. संपादक आन्री देग्रांजनं होकार दिला, जुलै 1903 मध्ये साठ स्वार निघाले, आणि 'लोतो'चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेल्याचं सांगतात. पुढल्याच वर्षी 'ल वेलो'नं मान टाकली. बातमी मिळेना म्हणून बातमी तयार केली, असा हा सरळ मामला. शर्यतीत आघाडीवर असलेल्याला 1919 पासून पिवळी बंडी मिळते, कारण कागद पिवळा. इटलीत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' गुलाबी कागदावर निघतं, म्हणून तिथल्या शर्यतीतली बंडी गुलाबी. काम्यकर्माचं याहून लख्ख उदाहरण यज्ञसंस्थेतही सापडणार नाही: फळ ठरलेलं, विधी ठरलेला, आणि फळ मिळालंही. निर्हेतुक लीला छापणारं दैनिक हेतूनं काठोकाठ भरलेलं. आणि शास्त्रानं, व्याकरणानं जड झालेली म्हणून जिची चेष्टा होते त्या भाषेतलं दैनिक, ते मात्र रामानुजांच्या चेंडूच्या जास्त जवळ. अर्थात लीलेत मौज असते, थांबायची मोकळीक असते. टपालाची वेळ गाठायची असलेल्या माणसाला ती मोकळीक नाही. म्हणून मी 'सुधर्मा'ला लीला म्हणत नाही, नित्यकर्मच म्हणतो.

काम्यकर्माला कमी लेखण्याचा यात उद्देश नाही. देग्रांजच्या हिशेबीपणातून जगातली एक थोर शर्यत जन्मली. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अमलाखालच्या वागणुकीमुळे 'लोतो' बंद करण्यात आलं, 1946 मध्ये त्याच्या जागी 'लेकिप' आलं, शर्यत मात्र अजून चालू आहे. यज्ञ करणारा गेला, फळ राहिलं. काम्यकर्माचं असंच असतं. फळ एकदा हाती आलं की कर्माची गरज संपते. दैनिकाच्या प्रतिष्ठेची चर्चा करताना आपण नेहमी हेच माप लावतो: खप किती, कोणता सोहळा उभा केला, कुणाला पाडलं. 'सुधर्मा'ला हे माप लागत नाही, म्हणून तिच्यासाठी दुसरं माप शोधण्यात आलं. ते म्हणजे 'जगातलं एकमेव'.

हे बिरुद मला अजिबात पटत नाही. 'एकमेव' असणं हा आपला गुण नसतो, इतरांचा अभाव असतो. आणि तो अभावही कायम राहत नाही: गुजरातेतून 'विश्वस्य वृत्तान्तम्' हे संस्कृत दैनिक निघू लागलं, तेव्हाच 'एकमेव'चा पाया हलला. पण त्याहून मोठी विसंगती अशी की संस्कृत पत्रकारिता फोफावावी या हेतूनं जे दैनिक निघालं, त्याची कीर्ती ती न फोफावण्यावर उभी राहिली. हेतू सफल झाला तर कीर्ती जाते, कीर्ती टिकवायची तर हेतू फसलेला बरा. मराठीत 'प्रतिष्ठा' हा शब्द दोन ठिकाणी येतो, समाजात आणि देवळात. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा झाली की तिच्याशी आपण बोलतो, पण तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवत नाही. 'सुधर्मा'च्या बाबतीत ही दुसरी प्रतिष्ठा होण्याचं भय मला वाटतं. 2020 साली वरदराज अय्यंगारांचे चिरंजीव के. व्ही. संपतकुमार आणि त्यांच्या पत्नी विदुषी के. एस. जयलक्ष्मी यांना पत्रकारितेसाठी मिळून पद्मश्री जाहीर झाली. मान योग्यच होता. पण त्या दिवसांत अभिनंदन करणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो पाच स्तंभांचा कागद उलगडून त्यातली एखादी बातमी शेवटपर्यंत वाचली असेल? 2011 च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा म्हणून सांगणारे 24,821 जण निघाले. तीन-चार हजारांच्या खपाशेजारी हा आकडा ठेवला तर भाषेचा अभिमान आणि भाषेचं वाचन यांतलं अंतर कळतं.

आता आक्षेप. पहिला अगदी व्यावहारिक: टपालानं दोन-तीन दिवसांनी पोचणारी बातमी ही बातमी कशी? मोबाइलवर मिनिटागणिक घडामोडी येतात तिथे परवाच्या मंत्रिमंडळ बैठकीचं संस्कृत वृत्त कुणाला हवं? खरं आहे, माहिती म्हणून त्याला किंमत नाही, आणि 2009 पासून ई-पेपर निघाल्यानं हा आक्षेप अर्धा बोथट झाला असला तरी पुरता गेलेला नाही. कारण संस्कृतात वाचायच्या आधी वाचकाला ती बातमी आपापल्या भाषेत कळलेलीच असते. पण माझ्या मते हीच त्या कागदाची सोय आहे. आशय आधी ठाऊक असला की लक्ष सगळं भाषेवर जातं. पावसाची, पुराची, निवडणुकीची, सामन्याची बातमी संस्कृतात कशी सांगितली हे पाहता येतं. पतंजलीनं महाभाष्यात म्हटलं आहे की मडकं हवं असलं की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द घडवून द्या म्हणून कुणी वैयाकरणाच्या दारी जात नाही. शब्द वापरातूनच मिळतात. सावरकरांनी सुचवलेल्या शब्दांतले 'दिनांक', 'महापौर' आपल्या तोंडी बसले आणि पुष्कळ शब्द कोशातच राहिले. फरक व्युत्पत्तीचा नव्हता, रोजच्या छापील वापराचा होता. विमानाला, बँकेला, संगणकाला संस्कृत शब्द सुचवणं हे एका दुपारचं काम आहे. तो शब्द उद्या, परवा आणि पुढच्या वर्षी त्याच अर्थानं, त्याच विभक्तीत, घाईगर्दीत वापरणं हे दैनिकाचं काम. 1970 मध्ये 'शब्द आहेत कुठे' म्हणणाऱ्या विद्वानांना कोशातून उत्तर देता आलं असतं. वरदराज अय्यंगारांनी ते छापखान्यातून दिलं, आणि तेही खिळे जुळवायच्या काळात, जिथे संस्कृतातल्या एकेका जोडाक्षराला वेगळा खिळा शोधावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो मराठी माणसानं तर टाळूच नये. ज्या भाषेनं स्त्रियांना, शूद्रांना, अतिशूद्रांना शतकानुशतकं उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिच्या रोजच्या कागदाचं कौतुक कशासाठी? ज्ञानदेवांनी 1290 मध्ये गीता मराठीत आणली ती याच उंबऱ्यामुळे. एकनाथांनी संस्कृताच्या अभिमान्यांना खोचक प्रश्न केला तो याच कारणानं. यावर नेहमीचं उत्तर असं दिलं जातं की भाषेचा काय दोष, दोष माणसांचा. हे उत्तर फार सोयीचं आहे. मेलुकोट्याला रामानुजांनी अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश दिला असं परंपरा अभिमानानं सांगते. तो प्रवेश वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरता होता हे तीच परंपरा हलक्या आवाजात सांगते. तेव्हा उदारपणाच्या कथांवर विसंबू नये. विसंबायचं तर वस्तूच्या स्वभावावर. वर्तमानपत्र ही अशी वस्तू आहे की ती घेणाऱ्याची जात विचारू शकत नाही. पाठशाळेचा गुरू शिष्य निवडू शकतो, यज्ञाचा यजमान ठरलेल्या वर्णाचा लागतो, पण वर्गणीदार व्हायला पत्ता आणि पैसे पुरतात. गुरुमंत्र घेऊन रामानुज तिरुकोष्टियूरच्या गोपुरावर चढले आणि गुरूची आज्ञा मोडून तो त्यांनी साऱ्यांना ऐकवला, ही कथा श्रीवैष्णवांना प्राणप्रिय आहे. तो मंत्र एकदाच ऐकवला गेला. दैनिकाला गोपुरावर रोज चढावं लागतं. म्हणून मला वाटतं, संस्कृतावरचा जुना डाग पुसण्याचं काम गौरवग्रंथांपेक्षा हा साधा विकाऊ कागद जास्त प्रामाणिकपणे करू शकतो. करतो की नाही हे त्यात कुणाच्या बातम्या येतात, कुणाची नावं येतात, यावर ठरेल. नुसतं वेदांचं महत्त्व सांगत बसलं तर उंबरा तिथेच राहील.

तिसरा आक्षेप माझ्याच उपमेवर उलटतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. नित्यकर्म म्हटलं की कर्मकांड आलंच. वाचणारा असो नसो, छापायचं, घडी घालायची, टपालात टाकायचं: मग संध्येची पळी-पंचपात्री खळखळवणाऱ्यात आणि संपादकात फरक काय? मीमांसक याला न घाबरता म्हणेल, काही फरक नाही आणि असायचं कारणही नाही. त्याच्या मते यज्ञातली देवता ही कुणी येऊन हवी खाणारी व्यक्ती नव्हेच. 'इंद्राय' म्हटलं की काम झालं. चतुर्थी विभक्तीत जे नाव येतं तीच देवता, तिला देह नाही, भूक नाही, प्रसाद नाही. आणि जुन्या मराठी वळणानं टपालावर पत्ता घालतात तो पाहा: 'श्री. अमुक अमुक यांस'. ती चतुर्थीच. वाचक म्हणजे पत्त्याच्या पट्टीवरचं चतुर्थीतलं नाव, त्यानं कागद उघडला की नाही याच्याशी संपादकाला कर्तव्य नाही, असं मीमांसेच्या अंगानं म्हणता येईल. तर्क देखणा आहे. पण इथे मी मीमांसकाचा हात सोडतो. देवता वर्गणी बंद करत नाही, वाचक करतो. देवता 'आपण परवा चुकीचं लिंग वापरलंत' असं पत्र पाठवत नाही. वाचकानं पाठवलं पाहिजे. ज्या दिवशी चुकीचा शब्द छापला तरी कुणाच्याही लक्षात येणार नाही, त्या दिवशी दैनिक निघूनही प्रत्यवाय लागलाच म्हणायचा. तेव्हा 'सुधर्मा'चं कर्म नित्य आहे खरं, पण ते पुरं होण्याचं अर्धं काम म्हैसूरमध्ये होतं आणि अर्धं पट्टीवरच्या पत्त्यावर. संपादकानं आपलं अर्धं काम सोडलेलं नाही. राहिलेल्या अर्ध्याचा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळं होतो, आणि ते अर्धं पुरं न करताच पद्म पुरस्काराच्या दिवशी छाती फुगवतो, हे न्यायाचं नाही.

वरदराज अय्यंगार 1990 मध्ये गेले. संपतकुमारांनी पुढची तीस वर्षं कागद चालवला. 30 जून 2021 रोजी हृदयविकारानं तेही गेले. मागे काम सांभाळायला जयलक्ष्मी आहेत. दुसऱ्यांदा एका माणसाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर हे ओझं आलं, तेव्हा हळहळणाऱ्यांनी 'ज्योत तेवत राहो' वगैरे लिहिलं. ज्योतीला तेल लागतं आणि दैनिकाला वर्गणीदार. तेव्हा संस्कृताचा अभिमान असेल तर वर्षाची वर्गणी भरा. अभिमान नसेल, राग असेल, तरीही भरा आणि आत कुणाच्या बातम्या नाहीत ते संपादकांना लिहून कळवा. मात्र घडी न उलगडता गठ्ठा कपाटात ठेवणार असाल तर कृपा करून भरू नका. त्या कामाला घरात देव्हारा आहे.